खबीबच्या डोंगरांत

माझी थोरली लेक दागेस्तानची राजधानी मखाचकला इथे डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भारतातून, आणि त्यात महाराष्ट्रातूनही, बरीच मुले तिथल्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठात शिकतात. गेल्या मे महिन्यात तिला भेटायला जायचे ठरले, पण तिच्या अब्बांना रजा मिळाली नाही. मग सोबत म्हणून बारावीची परीक्षा दिलेला धाकटा निघाला. खरे सांगायचे तर तो माझ्या सोबतीला नव्हता, मीच त्याच्या सोबतीला होते. बहिणीला भेटणे हे निमित्त, त्याला पाहायचा होता खबीब नूरमागोमेदोवचा मुलूख.

त्याआधी जानेवारीत हा मुलगा एका संध्याकाळी डावा डोळा सुजवून घरी आला होता. मोटारसायकलवरून पडलो म्हणाला. तीन दिवसांनी खरी गोष्ट कळली. क्लासच्या नावाखाली तो कोल्हापुरातल्या एका जिममध्ये जाऊन मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकत होता. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणे, सगळे एकाच खेळात. वर म्हणाला, "अम्मी, बारावी झाली की मला दागेस्तानात राहून शिकायचंय. खबीबसारखं." त्यानंतर तीन महिने आमच्या घरात जेवणाच्या दस्तरखानावर दुसरा विषय नव्हता.

मला कुस्तीचे वावडे नाही. माझे मरहूम वडील पैलवान होते. तालमीच्या हौद्यातली तांबडी माती, तेल, हळद आणि ताक यांचा वास त्यांच्या अंगाला कायम असे. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी खासबागेतल्या कुस्त्या पाहिल्या आहेत. पण पडलेल्या माणसाच्या तोंडावर ठोसे मारायचे, हे माझ्या वडिलांच्या कुस्तीत नव्हते. चेहऱ्यावर मारू नये ही ताकीद तर आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. मग नमाजी, आईबापांच्या आज्ञेतला म्हणून ज्याचे नाव जगभरच्या मुसलमान घरांत घेतले जाते, तो माणूस हा खेळ कसा काय खेळला? हा प्रश्न मनात घेऊनच मी विमानात बसले.

दुबईला विमान बदलून मखाचकलाला उतरले की एका हाताला कॅस्पियन समुद्र आणि दुसऱ्या हाताला तारकी-ताऊ नावाचा आडवा डोंगर दिसतो. या दोहोंच्या चिंचोळ्या पट्टीत शहर वसले आहे. दागेस्तान म्हणजेच डोंगरांचा देश. रशियन संघराज्याचे हे प्रजासत्ताक आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढे असेल, पण त्यात तीसहून अधिक जमाती राहतात आणि त्यांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. अवार, दार्गी, कुमिक, लेझगी, लाक... भाऊबंदांत आपली भाषा आणि बाजारात रशियन, असा रिवाज. रसूल हमझातोव हा जगप्रसिद्ध कवी अवार होता. खबीबही अवारच.

टॅक्सीत बसल्यावर मी चालकाला सलाम केला. त्याने जवाब देऊन आरशातून पाहिले, तेव्हा माझे लक्ष त्याच्या कानांकडे गेले. सुजून घट्ट गोळा झालेले कान. माझ्या वडिलांचे अस्सेच होते. पुढच्या दहा दिवसांत तसे कान मी दुकानदाराचे पाहिले, पोलिसाचे पाहिले, मशिदीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचेही पाहिले. वर्षानुवर्षे डोके घासून कुस्ती खेळल्याखेरीज कान असे होत नाहीत. कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत एके काळी दर घरात पैलवान असे म्हणतात, इथे ते आजही खरे आहे.

लेकीच्या भाड्याच्या खोलीत पहिल्या रात्री धाकट्याने मोबाइलवर एक लढत लावली. ६ ऑक्टोबर २०१८, लास वेगास, खबीब विरुद्ध आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. मी तोवर अशी एकही लढत पाहिली नव्हती. आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या. पहिल्याच फेरीत खबीबने वाकून समोरच्याचा पाय धरला आणि माझ्या तोंडून आपसूक निघाले, "अरे, हा तर एकेरी पट!" पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग पुढचे सगळे मीच त्याला सांगत गेले.

ज्यांनी खबीबला खेळताना पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. तो मागे सरत नाही. समोरच्याला ढकलत ढकलत जाळीला टेकवतो, म्हणजे पळायला जागा उरत नाही. मग एकेरी पट. तो सुटला तर हात न काढता दुहेरी पट. तोही सावरला तर आतून टांग. समोरचा पहिल्या डावातून सुटण्यासाठी जी हालचाल करतो, तिथूनच याचा दुसरा डाव सुरू होतो. २०१३ साली एबेल ट्रुहिलो नावाच्या गड्याला त्याने तीन फेऱ्यांच्या एका लढतीत २१ वेळा खाली घेतले होते, तो त्या स्पर्धेतला विक्रम ठरला.

खाली घेतल्यावर त्याचे खरे कसब दिसते. छातीवर चढून बसायची घाई तो करत नाही. आधी आपल्या पायांनी समोरच्याचे दोन्ही पाय गुंडाळून टाकतो, आपल्याकडे आकडी मारतात तसे. मग एका हाताने त्याचे मनगट पाठीमागून पकडून ठेवतो आणि आपला दुसरा हात मोकळा राखतो. आता पडलेल्या गड्यापुढे दोनच वाटा. तसेच पडून मार खायचा, किंवा उठण्यासाठी जमिनीवर हात टेकायचा. आणि हात टेकला की मान उघडी पडते. मॅकग्रेगरचे तेच झाले. तिसरी फेरी त्याने खबीबवर मात करून काढली, पण चौथीत मानेला असा वेढा बसला की त्याने हात आपटून हार मानली.

ही विद्या आली साम्बोतून. साम्बो म्हणजे सोव्हिएत काळात तयार झालेली कुस्ती. त्या नावाचा अर्थच हत्याराविना स्वसंरक्षण असा आहे. जाकीट घालून खेळायच्या या कुस्तीचा एक प्रकार लष्करी आहे, त्यात ठोसे आणि लाथाही चालतात. खबीब २००९ आणि २०१० साली या लष्करी साम्बोचा जगज्जेता होता. म्हणजे मला खटकणारे ते ठोसे सैनिकांच्या शिक्षणातून आलेले आहेत. हे कळले म्हणून माझी अढी गेली असे नाही, पण गोष्ट कुठून आली ते समजले.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या ओळखीच्या एका घरातून निरोप देऊन आम्ही शहरातल्या एका कुस्तीच्या सभागृहात गेलो. मुलांना घेऊन आलेल्या बायका बाहेरच्या व्हरांड्यात बाकांवर बसल्या होत्या, मीही तिथेच बसले. दार उघडे होते. आत गादीवर साठेक मुले, काही तर सहा-सात वर्षांची. आरडाओरडा नाही, गाणी नाहीत, आरसे नाहीत. छताला टांगलेल्या दोरावर हातांच्या जोरावर चढणे आणि एकच पट शंभर वेळा काढणे. माझ्या वडिलांच्या वस्तादांना हे दृश्य परके वाटले नसते.

धाकट्याने लेकीच्या तोंडून वस्तादांना आपली इच्छा सांगितली. वय विचारले. सतरा. वस्तादांनी मान हलवून एका पोराला बोलावले. बारा वर्षांचा असेल, माझ्या मुलाच्या खांद्याला लागत होता. दोन मिनिटांत त्याने माझ्या मुलाला तीनदा पाठीवर घेतले, आणि दर खेपेला हात देऊन उठवले. वस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "ठोसे वर्षभरात येतात. हे यायला दहा वर्षं लागतात. तुमच्या देशात कुस्ती नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या मुलापाशी नव्हते. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आपल्या रवी दहियाला हरवणारा झाउर उगुएव याच दागेस्तानचा, खासाव्युर्त शहराचा, हे त्याला पाठ होते. पण आपले आजोबा कोणत्या तालमीत होते, हे त्याला ठाऊक नव्हते. ती चूक त्याची की माझी, याचा विचार मी व्हरांड्यात बसून बराच वेळ केला.

खबीबचे मूळ गाव सिल्दी. त्सुमादा जिल्ह्यात, जॉर्जियाच्या सीमेजवळ. तिथपर्यंत आम्ही गेलो नाही. पण डोंगर तरी पाहू म्हणून एक दिवस गुनीबला गेलो. वाटेत लेवाशी लागते, तिथली कोबी सगळ्या रशियात जाते. पुढे रस्ता चढू लागतो. डोंगरांना पायऱ्या पाडून केलेली जरा-जराशी शेते, त्यांच्या वर उघडा कातळ आणि कातळाला चिकटलेली घरे. खालच्या घराचे धाबे ते वरच्या घराचे अंगण. मे महिना असूनही लांबच्या शिखरांवर बर्फ होते. याच गुनीबच्या पठारावर १८५९ मध्ये इमाम शमील यांनी पाव शतकाच्या लढ्यानंतर झारच्या फौजेपुढे शस्त्र खाली ठेवले. दुपारी एका घरी जेवलो. जाडजूड खिंकाल, उकडलेले मटण, लसणाची चटणी आणि शेवटी वाटीत काळसर उर्बेच. चाखले तर जवस! भाजलेले जवस वाटून त्यात मध आणि लोणी. आपल्या जवसाच्या चटणीची गोड बहीणच म्हणा. पहाडातला मेंढपाळ हे खाऊन दिवस काढतो, असे घरातली आजी म्हणाली.

खबीब अशाच डोंगरात २० सप्टेंबर १९८८ रोजी जन्मला. वडील अब्दुलमनाप फौजेत राहिलेले, स्वतः कुस्ती, जुडो आणि साम्बो खेळलेले. त्यांनी घराच्या तळमजल्यावर तालीम केली होती. घरची आणि गावची पोरे तिथेच वाढली. खबीब नऊ वर्षांचा असताना साखळीने बांधलेल्या अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतो आहे, अशी एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. माझ्या मुलाला ती फार आवडते. मला ती पाहून त्या पिल्लाची दया आली आणि पोराची काळजी वाटली, आणि तसे मी त्याला सांगितले.

अब्दुलमनाप यांची थोरवी अस्वलात नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर दागेस्तानात काम उरले नाही. शेजारी चेचन्यात युद्ध, १९९९ मध्ये ते सीमेवरून आत आले, नंतर कितीतरी वर्षे स्फोट आणि चकमकी. पोरगा बंदूक घेऊन गेला की लोक म्हणायचे, "जंगलात गेला." जंगलात गेलेला बहुधा परत येत नसे. त्या दिवसांत ज्यांनी गल्लोगल्लीच्या पोरांना संध्याकाळी गादीवर अडकवून ठेवले, त्यांत अब्दुलमनाप होते. इस्लाम माखाचेव हाही त्यांचाच शागीर्द, जो २०२२ मध्ये खबीबच्याच वजनगटाचा विजेता झाला. गुनीबच्या घरातल्या आजीने हे एका वाक्यात सांगितले. "ज्यांच्या मुलांना वस्ताद मिळाला, त्या आया आज नातवंडं खेळवतात."

खबीबचा रस्ता सरळ होता असे मात्र नाही. २००८ मध्ये तो व्यावसायिक लढती खेळू लागला, २०१२ मध्ये अमेरिकेच्या यूएफसी स्पर्धेत पोचला. २०१४ ते २०१६ ही दोन वर्षे गुडघ्याच्या दुखापतीत गेली. मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना तब्येत बिघडून दवाखान्यात न्यावे लागले आणि लढत रद्द झाली. हा गट सत्तर किलोंचा. पैलवान एरवी जड असतात आणि वजनाच्या दिवसापर्यंत अंगातले पाणी काढून टाकतात. हे ऐकताना लेकीने भावाला मूत्रपिंडावर काय परिणाम होतो ते इतके सविस्तर सांगितले, की त्याचा चेहरा पडला. अखेर ७ एप्रिल २०१८ रोजी ब्रुकलिनमध्ये खबीब विजेता झाला. जन्मभर घडवणाऱ्या वडिलांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही, म्हणून ते त्या दिवशी मुलाच्या कोपऱ्यात नव्हते. मॅकग्रेगरच्या लढतीलाही नव्हते. यूएफसीत ते त्याच्या पाठीशी उभे राहू शकले ते सप्टेंबर २०१९ मध्ये अबुधाबीत, डस्टिन पॉयरिएविरुद्ध.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मुलाला लास वेगासच्या त्या रात्रीबद्दल विचारले. लढत जिंकल्यावर खबीब जाळी ओलांडून मॅकग्रेगरच्या साथीदारांवर तुटून पडला होता. आधी कित्येक महिने मॅकग्रेगरच्या बाजूने त्याच्या धर्मावरून, वडिलांवरून, मुलखावरून नको ते बोलले गेले होते, हे खरे. मुलगा म्हणाला, "बरोबरच केलं. अब्बांबद्दल बोलले होते." मी म्हटले, "त्याच्या अब्बांना काय वाटलं?" अब्दुलमनाप तेव्हा जाहीरपणे म्हणाले होते की स्पर्धेवाल्यांपेक्षा आपण त्याला जास्त कडक शिक्षा करू. स्पर्धेच्या नियामक मंडळाने नऊ महिन्यांची बंदी आणि ५ लाख डॉलर दंड केला. रागाच्या वेळी स्वतःला आवरतो तो खरा पैलवान, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ज्याने चार फेऱ्या दुसऱ्याला जखडून ठेवले, त्याला त्या एका मिनिटात स्वतःला धरून ठेवता आले नाही. खबीबबद्दल आदर असला तरी मुलांना हे सांगितले पाहिजे.

मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "गेजीची लढत तू पाहिली नाहीस अजून."

ती रात्री पाहिली. ३ जुलै २०२० रोजी अब्दुलमनाप कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने मॉस्कोत अल्लाहला प्यारे झाले. वय ५७. २४ ऑक्टोबरला खबीब अबुधाबीत अमेरिकेच्या जस्टिन गेजीविरुद्ध उतरला. दुसऱ्या फेरीत गेजी त्याच्या पायांच्या कैचीत सापडला. त्या जागेवरून हात पिरगाळून मोडताही आला असता. खबीबचा जोडीदार डॅनियल कॉर्मियर याने नंतर सांगितले, की गेजीचे आईवडील समोर बसले आहेत, त्यांच्या देखत त्याचा हात मोडायचा नाही, म्हणून खबीबने गळ्याचा डाव निवडला. गेजीने हात आपटला, काही क्षण शुद्ध हरपली, आणि तो उठून बसला. हात शाबूत. खबीब मात्र गादीवर ओणवा होऊन ढसाढसा रडत होता, आणि नुकताच हरलेला गेजी त्याला धीर देत होता.

मग त्याने हातमोजे काढून मधोमध ठेवले. वडिलांशिवाय आपण लढावे असे आईला वाटत नव्हते, तीन दिवस तिच्याशी बोललो, ही शेवटची लढत असा शब्द दिला, आणि तो पाळतो आहे, असे तो म्हणाला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. २९ लढती, २९ विजय. त्यातल्या ११ मध्ये समोरच्याने हात आपटून हार मानलेली. पुढे मोठमोठ्या रकमांची बोलणी झाली, पण तो परत उतरला नाही.

मोबाइल बंद करून मी बराच वेळ जागी होते. माझ्या मनातला प्रश्न पुरता सुटला नाही. तोंडावर मारणे मला आजही पसंत नाही, आणि हे मी मुलाला स्वच्छ सांगितले आहे. पण त्या मायलेकांचे तीन दिवसांचे बोलणे माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही घरी तीन महिने भांडलो होतो, बोललो एक दिवसही नव्हतो. मी 'नाही' म्हणत होते आणि तो खोटे बोलून जात होता.

उरलेले दिवस आम्ही बोललो. समुद्रकाठी चालताना बोललो, बाजारात चुदू खाताना बोललो. जुम्म्याच्या दिवशी इस्तंबूलच्या निळ्या मशिदीच्या धर्तीवर बांधलेल्या मोठ्या मशिदीबाहेर तो आणि मी भेटलो, तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "अम्मी, आजोबा कुठल्या तालमीत होते?"

आता तो कोल्हापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहाटे साडेचारला उठतो, फजर पढून तालमीत जातो. दोन वर्षे नुसती कुस्ती, ठोसे नाहीत, आणि आईशी खोटे बोलायचे नाही, असे आमचे ठरले आहे. दोन वर्षांनी काय म्हणेल ते अल्लाहला माहीत. तेव्हा पुन्हा बोलू.

परवा सकाळी तो परत आला तेव्हा केसांत तांबडी माती होती आणि उजवा कान लाल झाला होता. सवयीने मी आधी त्याचे डोळे पाहिले. मग कानाला हळद लावली, जशी अम्मी अब्बांच्या कानाला लावायची.